मदत हवी आहे: पाच वर्षांच्या मुलीला घरच्या घरी मुंग्यांची ओळख कशी करून द्यावी?

अन्वयाची_आई

नमस्कार. आम्ही कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. लेक पाच वर्षांची आहे, जूनमध्ये मोठ्या गटात जाईल. पंधरा दिवसांपूर्वी सोसायटीच्या बागेत तिला लाल मुंगी चावली. तेव्हापासून मुंगी दिसली की ती चप्पल घेऊन धावते, मग ती लाल असो की काळी. मला ते बघवत नाही. साताऱ्याला माझी आजी रोज सकाळी अंगणात मुंग्यांना चिमूटभर पीठसाखर घालायची आणि आम्ही पोरं उकिडवी बसून बघत राहायचो. माझ्या मुलीला मुंगी म्हणजे फक्त चिरडायची वस्तू वाटावी, हे मनाला फार लागतं.

एक व्हिडिओ बघून मी प्रयत्न केला. लोणच्याच्या काचेच्या बरणीत माती भरली, कुंडीजवळच्या पंधरा-वीस काळ्या मुंग्या आत सोडल्या, साखरपाण्याचा कापूस ठेवला आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. दोन दिवस ती बरणीपासून हलली नाही. चौथ्या दिवशी निम्म्या मुंग्या मेल्या. उरलेल्या आम्ही कुंडीपाशी परत सोडल्या. ती खूप रडली आणि म्हणाली, "आई, त्यांना त्यांच्या आईकडे जायचं होतं का?" मला काही उत्तर देता आलं नाही.

मुंग्यांना न पकडता, न मारता करता येईल असं काही सुचवाल का? सासूबाईंची एकच अट आहे, ओट्यावर मुंगी दिसता कामा नये. त्यामुळे जागा म्हणजे फक्त बाल्कनी.

टेकडीवाला

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तिला निःशंकपणे "हो" म्हणा. आपल्याला दिसतात त्या सगळ्या कामकरी मुंग्या माद्या असतात, आणि अनेकदा एकाच राणीच्या मुली. राणी वारंवार अंडी घालते, कामकरी ती सांभाळतात. राणीशिवाय उचलून आणलेल्या मुठभर मुंग्यांची वसाहत होत नाही. बरणीत दमटपणा साठला असेल तर तेही बाधलं असेल. पुन्हा बरणी नको. मुंग्या जिथे आहेत तिथेच जाऊन बसायचं.

बाटल्यांची चार झाकणं घ्या. एकात गूळ, एकात शेंगदाण्याचं कूट, एकात पोळीचा चुरा, एकात मीठ. कुंडीपासून हातभर अंतरावर ठेवा. आधी कोण कुठे येईल हे लेकीला अंदाजाने सांगू द्या आणि मग दर दहा मिनिटांनी मुंग्या मोजा. तिला वीसपर्यंत अंक येत असतील तर तेवढे पुरेत.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र कागदाचा. वहीचा एक कोरा कागद मुंग्यांच्या वाटेवर असा ठेवा की गुळापर्यंत जायला त्यांना कागदावरूनच जावं लागेल. अर्धा-पाऊण तास काही करू नका. कागदावर छान रांग लागली की हळूच तो पाव वळसा फिरवा. मुंग्या जुन्याच रेषेवरून चालत कागदाच्या कडेला येतील आणि तिथे गोंधळून घुटमळतील. कारण खाणं सापडलेली मुंगी घरी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत वासाची रेघ ओढत जाते. मागच्या त्या रेघेवरून येतात आणि तीच आणखी ठळक करतात. कागदासोबत रेघही फिरली! माझ्या भाच्याने हे पाहिलं तेव्हा तो कागद नाकाला लावून हुंगत बसला होता.

ओट्याचा प्रश्नही यातच सुटतो. मुंग्या आल्या की साबणाच्या पाण्याने वाट पुसा, वासाची रेघच जाते. सासूबाईंना गोडाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायची पद्धत ठाऊक असेलच.

शेवंती

वरचं सगळं पटलं. फक्त एक सांगते, मुंग्यांसाठीचा खडू मिळतो तो कीटकनाशक असतो. मुलं त्याला फळ्याचा खडू समजून हातात घेतात. घरात असेल तर उंचावर ठेवा, आणि तुम्ही प्रयोग करता त्या बाल्कनीत तर मुळीच नको.

बारीक लाल मुंग्या चावतात आणि नांगीही मारतात, म्हणून त्यांच्या बिळाजवळ मुलीला बसवू नका. चावलं तर साबणाने धुऊन गार पाण्याचं फडकं ठेवा. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे.

भीती घालवायला आमच्याकडे कणकेची मुंगी उपयोगी पडली. तीन गोळे: डोकं, मधला भाग, पोट. पोटाआधी कंबर अगदी बारीक. पाय म्हणून शेवयांचे सहा तुकडे, आणि सहाही मधल्या गोळ्यालाच. मुलं हटकून पोटाला पाय लावतात. तेव्हा बोलू नका, भिंग द्या आणि खरी मुंगी बघू द्या. मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, हे माझ्या मुलाने मला दाखवलं. भिंग अप्पा बळवंत चौकात सहज मिळतं. ते उन्हात धरू देऊ नका, मुंगी भाजते.

अन्वयाची_आई

दोघांचे मनापासून आभार. कालची अख्खी संध्याकाळ बाल्कनीत गेली. गुळावर एकवीस, कुटावर सहा, पोळीवर दोन, मिठावर एकही नाही. आकडे तिनेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेत. कागद फिरवल्यावर ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "आता त्यांचा रस्ता परत दे." आम्ही कागद पुन्हा सरळ केला.

आज सासूबाई स्वतः खुर्ची घेऊन येऊन बसल्या. त्यांनी तिला दाखवलं की काही मुंग्या तोंडात पांढरे दाणे धरून कुंडीखालून भिंतीकडे चालल्या आहेत. त्या म्हणाल्या, अंडी हलवतायत, पाऊस येणार. ती अंडीच असतात का? तांदळाच्या कणीएवढी दिसत होती.

टेकडीवाला

एवढी मोठी असतील तर बहुधा अळ्या किंवा कोष. खरी अंडी फारच बारीक असतात, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखी दिसतात. अंड्यातून बिनपायांची अळी, मग कोष, मग मुंगी, फुलपाखरासारखंच. जागा ओली झाली, तापली किंवा कुणी हलवली की मुंग्या पिल्लं उचलून दुसरीकडे नेतात. कुंडीला रोज पाणी घालता ना? दोन दिवस त्या कुंडीला बेताचंच पाणी घाला आणि त्या परत येतात का हे लेकीला बघायला सांगा.

अन्वयाची_आई

तिला सांगितलं. पाण्याचा तांब्या तिने आत नेऊन ठेवलाय.