आईला उन्हाळी लागलीय, रानात पाणीच पीत नाही, घरगुती काय देता येईल?

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारायलोय. मी नोकरीसाठी संभाजीनगरला, आई-दादा गावाकडं वसमत तालुक्यात. सध्या हळद शिजवायचं चालूये. कुकरच्या वाफेजवळ उभं राहायचं, शिजलेली हळद पाटीनं वाहून उन्हात पसरायची, आणि वर ४१ डिग्री. आईचं वय ५७, बीपीची गोळी रोज सकाळी.

चार दिवस झाले लघवीला आग होतीय, रात्री पोटऱ्यात असे गोळे येतात की झोपेतून उठून बसती. मागच्या वर्षी पण हेच झालं, गावात सलाईन लावली, दोन दिवस बरं वाटलं न् परत तेच. आई म्हणती सलाईननं ताकद येती. मला नाही पटत, तोंडानं पाणी पिता येतंय तर शिरेतून कशाला.

रविवारी गेलो होतो. सकाळी दिलेली दोन लिटरची बाटली संध्याकाळी बघितली तर जेमतेम चार बोटं कमी झालेली. रागावलो तिच्यावर, ती काहीच बोलली नाही. मग काकूनं सांगितलं, "अरे, कुकरवाली पोरं, गडीमाणसं, सगळे तिथंच. आडोसा कुठंय? पिलं की जावं लागतं, म्हणून आम्ही कोणीच पीत नाही." लई वाईट वाटलं. इतके दिवस मी फोनवर नुसतं पाणी पी, पाणी पी म्हणत होतो.

आडोशाचं केलंय, बांधाला चार बांबू रोवून जुनी ताडपत्री लावून आलो, आता सगळ्याच बाया तिकडं जातात. आता मला विचारायचंय ते हे की धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, पन्हं, ज्वारीची आंबील यातलं रोज काय देऊ, आंबील तिला आवडती पण त्यात मीठ आलं, बीपीला मीठ कमी सांगतात आणि इकडं घामात तर मीठच जायलंय, मग ओआरएस चालेल का? कोणाच्या घरी असं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी आशा कार्यकर्ती आहे, लातूर जिल्ह्यात. आधी लघवी तपासून घ्या. चार दिवस आग म्हणजे नुसती उन्हाळी धरून बसू नका, लघवी दाबून ठेवल्यानं इन्फेक्शन पण होतं. त्याला सब्जा पुरत नाही. थंडी-ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना. दुसरं, बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यानं पण गोळे येतात. पाकीट डॉक्टरांना दाखवा, मनानं बंद करू नका. ओआरएसचं पण तेव्हाच विचारा. देताना मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायचं, कमी पाण्यात घट्ट करायचं नाही. तोवर धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा खुशाल द्या, आंबील पातळ, मीठ चिमूटभर. एकदम तांब्याभर नको, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. आणि अंग तापून बडबडायला लागली किंवा चक्कर येऊन पडली तर सावलीत घेऊन अंग ओलं करा, वारा घाला न् १०८ ला फोन लावा.

धागाकर्ता:
ताई, इन्फेक्शनचं डोक्यातच नव्हतं. दादांना सांगितलंय, उद्या सकाळी हळदीचं काम काकू बघणार, दादा आईला सरकारी दवाखान्यात नेणार. गोळीचं पाकीट आत्ताच पिशवीत टाकायला लावलं. रिपोर्ट आला की इथंच सांगतो.