‘फी’ला शुल्क म्हणायचं, तर उत्पादन शुल्काला काय म्हणायचं?

माझगावकर:
एका नागरिक गटासाठी अर्थसंकल्पावरची पुस्तिका मराठीत करतेय. त्यात कराखेरीज सरकारकडे पैसा कुठून येतो, असं एक प्रकरण आहे. ‘करेतर महसूल’ला कुणाची हरकत नाही. व्याज, लाभांश, दंड, भाडं, लिलाव हेही सरळ गेलं. अडलं ते ‘शुल्क’पाशी. मी लिहिलं होतं, ‘शुल्क हा करेतर महसुलाचा भाग आहे.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलं, ‘उत्पादन शुल्क, सीमाशुल्क, मुद्रांक शुल्क यांचं काय? हे तर करच.’ त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. परवान्यासाठी भरतो तेही शुल्क आणि दारूवर सरकार घेतं तेही शुल्क. वाचकाला फरक कळेल असा शब्द सुचवा. पुढच्या आठवड्यात छपाई आहे.

निवृत्त लेखाधिकारी:
ताई, ‘फी’ लिहा आणि मोकळ्या व्हा. कोर्ट फी, मोजणी फी, नोंदणी फी हे शब्द गावोगाव रुळलेत. शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने फरक सांगितला तो असा: कर सक्तीचा, त्याच्या बदल्यात अमुक सेवा मिळेल असं बंधन नाही, फी सेवेपोटी घेतली जाते. त्याच वर्षी आपल्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचाही निकाल लागला. न्यासांकडून घ्यायची वर्गणी ही फी आहे, कर नाही, असं ठरलं.

दादर पश्चिम:
नोंदणी फीचं उदाहरण इथे चालणार नाही. घर घेताना भरतो ती नोंदणी फी (कमाल ३०,००० रुपये) अर्थसंकल्पात मुद्रांक शुल्काच्या जोडीने कर महसुलातच धरतात. म्हणजे नाव फी आणि जागा कराची. शिवाय घरात चांगला शब्द असताना इंग्रजीपुढे हात का पसरायचा? कौटिल्याकडे शुल्काध्यक्ष हा अधिकारी आहे. नगराच्या वेशीवर मालावरचं शुल्क घेणारा. शुल्क मूळचं नाक्यावरचं, तेव्हा ते सीमाशुल्क-उत्पादन शुल्काकडेच राहू द्या. सेवेच्या पैशांना ‘आकार’ म्हणा. महापालिकेच्या पाण्याच्या बिलावर ‘जल आकार’ असतंच की.

मुलुंडकर:
‘आकार’ मला आवडला, पण बिलं समोर ठेवून बघा. मीटरच्या पाण्याच्या बिलावर जल आकार. मालमत्ता कराच्या बिलावर जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर, वृक्ष उपकर अशी रांग. माझी आई या दोन्हींना ‘पाणीपट्टी भरली का?’ एवढंच विचारते. पट्टी या शब्दात कर आणि आकार दोन्ही मावतात, घरपट्टी आणि पाणीपट्टी बघा. आणखी एक: त्याच मालमत्ता बिलावर ‘पथकर’ अशी ओळ आहे. तो रस्त्यांसाठीचा कर, टोल नव्हे. टोललाही आपण पथकरच म्हणतो.

निवृत्त लेखाधिकारी:
टोलचं त्रांगडं त्याहून मोठं आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत तो ‘फी’ आहे. राज्यघटनेत राज्यसूचीतल्या ५९ व्या नोंदीत टोल आहे आणि ती नोंद करांच्या रांगेत बसवली आहे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना माफी मिळाली, तेव्हा कुणी म्हणालं कर माफ झाला, कुणी म्हणालं फी माफ झाली.

मुलुंडकर:
आम्ही ‘टोल बंद झाला’ म्हणालो. चेकनाक्याला अजून चेकनाकाच म्हणतो. १ जुलै २०१७ ला जकात गेली, पण रिक्षावाल्याला पत्ता त्याच नावाने सांगावा लागतो. जकात हा शब्द अरबीतल्या दानधर्माच्या ‘ज़कात’वरून आला आणि इथे नाक्यावरची वसुली झाला. शब्द कुठून कुठे जातात! तेव्हा कौटिल्याच्या काळी शुल्क काय होतं, यावरून आज त्याला बांधून ठेवता येणार नाही.

दादर पश्चिम:
मग कशावरूनच काही ठरवता येणार नाही. सरकारी मराठीत एका अर्थाला एक शब्द हवाच. नागरिक त्यावर पैसे भरतो.

गिरगाव चाळ:
सरकारी मराठीचं उदाहरण माझ्याकडून घ्या. आमची इमारत ‘उपकरप्राप्त’ आहे, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ च्या आधीची, उपकर भरून दुरुस्ती मंडळाकडे हक्क असलेली. ‘उपकरप्राप्त’ वाचून परक्या माणसाला वाटेल, इमारतीला उपकर मिळतो! प्रत्यक्षात भरतो आम्ही. चाळीत सगळे ‘सेस बिल्डिंग’ म्हणतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही. शिवाय या उपकरातून दुरुस्तीची सेवा मिळते, मग तो कर की फी? ताईंच्या पुस्तिकेत हे कुठल्या रकान्यात जाणार?

मिंट रोड:
सगळे शुल्कावर बोलताय, पण ताईंच्या यादीतला ‘लाभांश’ही तपासायला हवा. रिझर्व्ह बँकेने २०२४-२५ साठी केंद्राला २,६८,५९० कोटी रुपये दिले. बातम्यांत तो ‘लाभांश’ झाला. १९३४ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमात शब्द आहे तो शिल्लक नफ्याचा: तरतुदी करून उरेल ते सरकारला. बँक १९४९ पासून पूर्ण सरकारी मालकीची आहे, वाटून घ्यायला दुसरे भागधारकच नाहीत. याला ‘वाढावा’ म्हणावं. माझे वडील पतपेढीच्या वह्यांत ‘वाढावा-तूट’ असंच लिहायचे.

दादर पश्चिम:
वाढावा! किती नेमका शब्द. पुस्तिकेत नक्की घ्या.

निवृत्त लेखाधिकारी:
वाढावा सहकारी संस्थेच्या ताळेबंदात शोभतो. अर्थसंकल्पाच्या त्या शीर्षकात ‘लाभांश व नफा’ असं आहे, ते बदलून पुस्तिका वाचणाऱ्याला मूळ कागदपत्रात आकडा सापडेल का? आणि याच न्यायाने खाणींचं ‘स्वामित्वधन’ही (म्हणजे रॉयल्टी) काढावं लागेल. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की रॉयल्टी हा कर नाही. तहसील कार्यालयात मात्र सगळे ‘रॉयल्टीची पावती’च मागतात.

माझगावकर:
सगळ्यांचे आभार, पण परवान्याच्या पैशांना काय लिहू ते अजून ठरलं नाही. आकार, फी की शुल्क?

गिरगाव चाळ:
आधी सेसचं सांगा ना कुणी.

मिंट रोड:
स्वामित्वधनावर वेगळा धागा काढूया का? ‘धन’ कशाला, तिथेही ‘आकार’ चालेल असं मला वाटतं.