अनुभव धागा: गाडीच्या छताचं कापड लोंबलंय, जुना गोंद कसा काढलात?

आमच्या जुन्या सेडानच्या छताचं कापड या उन्हाळ्यात मागे बसणाऱ्यांच्या डोक्याला लागायला लागलं. नवं कापड आणलंय, पण जुन्या गोंदाचा थर पाहून हात थबकलाय. ज्यांनी हे काम घरी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. काय वापरलंत, किती टिकलं?

नागपूरहून

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीचं छत किती तापत असेल, विचार करा. बहुतेक वेळा दोष एकट्या गोंदाचा नसतो. कापडाच्या पाठीला पॉलीयुरेथेन फोमचा पातळ थर असतो. उष्णता आणि दमटपणा यांनी तोच मरतो. कापड ओढलं की सहज हातात येतं आणि ते ज्यावर चिकटवलेलं असतं त्या छताच्या आतल्या पुठ्ठ्यावर पिवळट तपकिरी भुगा उरतो, बोटाला चिकटणारा. त्यावर नवं सोल्यूशन, म्हणजे गोंद, मारलं तर ते भुग्याला धरतं, पुठ्ठ्याला नाही. एका कारागिराने आमच्या गाडीला तसंच करून दिलं होतं. पुढच्याच उन्हाळ्यात कापड परत खाली!

मग सनव्हायझर, हँडल, दिवा, पिलरचे (खिडक्यांमधल्या खांबांचे) कव्हर काढून छताचा पुठ्ठा बाहेर घेतला आणि अंगणात टेबलावर उलटा ठेवला. कोरडा नायलॉनचा ब्रश, हलका हात, मागोमाग व्हॅक्यूम. तारेचा ब्रश नको, पुठ्ठ्याचा पापुद्रा निघतो. मास्क लावाच, भुगा घशात जातो. काही छतांत काचतंतू असतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

पुण्याहून

छताच्या कडेने पडदा-एअरबॅग (धडकेत खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. पिलरच्या कव्हरला हात त्यानंतरच.

रत्नागिरीहून

पाणी, रॉकेल, थिनर यांपैकी काहीही पुठ्ठ्यावर ओतू नका, अशी कळकळीची विनंती. पाण्याने पुठ्ठा फुगतो आणि त्याचा बाक जातो. रॉकेलचा तेलकटपणा मागे राहतो, मग नवा गोंद धरत नाही. कोकणातल्या दमट हवेत मी हे काम पावसाळ्यात करणारच नाही, थेट दिवाळीनंतर.

शारजाहून

माझं काम दाराच्या पॅनेलचं होतं. रेक्झिन सुटलेलं, खाली एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकवर गोंदाचे पोपडे. थिनर आणि ॲसिटोन एबीएसला विरघळवतात, त्यामुळे बाटली उघडलीच नाही. हेअर ड्रायरने थोडा थोडा भाग कोमट करून जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडला. उरलेला चिकटपणा फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसला. आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहिलं. पुढे जास्त उष्णता सोसणारा स्प्रे गोंद दोन्ही बाजूंना मारला, हाताला ओला लागेनासा झाला तेव्हाच रेक्झिन टेकवलं. इथल्या उन्हात अजून जागचं हललेलं नाही.

पुन्हा नागपूरहून

एक राहिलं. ब्रश झाल्यावर पुठ्ठ्यावर मास्किंग टेप दाबून उपटा. टेपवर पिवळा भुगा आला तर पुन्हा ब्रश. कडा आणि दिव्याच्या खाचेभोवती तर हमखास येतो.