विद्यार्थी परिषद निवडून आलेली हवी की नेमलेली? नागपूर विद्यापीठातल्यांनो, बोला

रविनगर_एमए

एमएचं दुसरं वर्ष सुरू आहे. पदवी धरून पाच वर्षं झाली या विद्यापीठात, पण विद्यार्थी परिषदेसाठी मत द्यायची संधी मला एकदाही मिळाली नाही.

थोडा मागचा हिशोब. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या. वर्गात पहिला येईल तो वर्ग प्रतिनिधी, खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांतून एकेक जण प्राचार्य नेमणार, आणि हेच सगळे आपल्यातून सचिव निवडणार. 2016 च्या कायद्याने खुली निवडणूक परत आणली. कॉलेजचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी सगळ्यांच्या मतांनी निवडायचे. 2019 मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं, मग ते पुढे ढकललं, आणि नेमणुकाच चालू राहिल्या.

लोकांना वाटतं परिषद म्हणजे गॅदरिंग. तसं नाही. त्याच कायद्यात प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती आहे, तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. अंदाजपत्रक, सोयी-सुविधा, विद्यार्थी कल्याण यांवर ती शिफारशी करते. त्या समितीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. ती दोन माणसं आपण निवडलेली नसतील, तर आपल्या बाजूने तिथे बोलणार कोण?

निवृत्त_मास्तर_वर्धा

बेटा, तुझी कळकळ समजते. पण मी थेट निवडणुकांचा काळ पाहिलाय, विद्यार्थी म्हणून आणि नंतर शिक्षक म्हणूनही. कॉलेजचं नाव घेत नाही. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात फाटकासमोर जीप उभ्या राहायच्या. त्यातली निम्मी पोरं कॉलेजची नव्हतीच. एका दुपारी सायकल स्टँडवर हाणामारी झाली. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा उजवा हात मोडला. तो कोणत्याच पॅनेलचा नव्हता, सायकल काढायला गेला होता. त्या वर्षी त्याने पेपर दिले नाहीत, पुढच्या वर्षी तो आलाच नाही. शेतकऱ्याचा मुलगा होता. ती रिकामी जागा मी वर्षभर पाहिली.

विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या जे. एम. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या. उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या आत, 75 टक्के हजेरी, छापील पोस्टर बंद, हाताने केलेलेच चालतील. नियम चांगले आहेत. पण फाटकाबाहेर झालेला खर्च मोजणार कोण? पक्ष बाहेरून पैसा लावतात, तो पावतीवर येत नाही.

हिंगणा_रोड

मास्तरांशी सहमत. आमचा पोरगा कर्ज काढून शिकून राहिला भाऊ. त्याने झेंडे घेऊन फिरावं म्हणून नाही पाठवला त्याला.

रविनगर_एमए

सर, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. पण हाणामारी झाली म्हणून मतच काढून घ्यायचं का? ग्रामपंचायतीतही भांडणं होतात, तिथे निवडणूक थांबत नाही, बंदोबस्त वाढतो. आणि पक्ष आजही कॉलेजात आहेतच. संघटनांचे फलक फाटकावर लागतात, निवेदनं जातात, घोषणा होतात. फक्त त्यांना विद्यार्थ्यांकडे मत मागायला यावं लागत नाही, म्हणून हिशोबही द्यावा लागत नाही.

तुमसरची

मी तुम्हा दोघांहून वेगळं बोलते. विद्यापीठ नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया अशा चार जिल्ह्यांचं आहे. चर्चा मात्र कायम नागपुरातल्या अमरावती रोडच्या कॅम्पसची. नव्या कायद्यात विद्यापीठ परिषदेचे पदाधिकारी आपण थेट निवडत नाही, कॉलेजांतून निवडून आलेले प्रतिनिधी निवडतात. मला ते आवडतं, कारण त्यात आमच्यासारख्या छोट्या कॉलेजच्या मताला वजन येतं. सगळ्यांनी थेट मत दिलं तर शहरातली मोठी कॉलेजंच जिंकतील.

पण माझा प्रश्न त्याहून लहान आहे. आमच्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद असतं. चावी ऑफिसात, खिळ्याला, लाल दोरीत. मागायला गेलं की पुरुष कर्मचाऱ्यासमोर कारण सांगावं लागतं. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. आमची वर्ग प्रतिनिधी गुणांवर नेमलेली, हुशार आहे, स्वभावाने चांगली आहे, पण म्हणाली, "अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत गं." तिला दोष देत नाही. तिला कोणी निवडलंच नाही, तर ती कोणाच्या जोरावर बोलेल? मी अर्ज घेऊन गेले तर विचारलं, तू कोण? काय सांगणार?

निवृत्त_मास्तर_वर्धा

ताई, हे वाचून मला राग आला, तुझ्यावर नाही. पण यासाठी निवडणुकीची वाट पाहू नकोस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. तिने तक्रारीवर 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.

रविनगर_एमए

सर, त्या समितीतही विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमलेला, तोही विशेष निमंत्रित. शेवटी गोष्ट तिथेच येते. तुमसरची जे सांगतेय तेच मी म्हणतोय: पाठीशी मतं असलेला माणूस ऑफिसात वेगळ्या आवाजात बोलतो.

निवृत्त_मास्तर_वर्धा

हे मान्य करतो. वर्ग प्रतिनिधी वर्गाने मतदानाने निवडावा, याला माझी हरकत नाही. चाळीस-साठ पोरं एकमेकांना ओळखतात, तिथे बाहेरचा पैसा कमी चालतो. अध्यक्षपदाच्या खुल्या निवडणुकीला मात्र माझा विरोध कायम आहे. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे.

तुमसरची

सोमवारी आम्ही सतराजणी जातोय. अर्ज लिहिलाय, सगळ्यांच्या सह्या आहेत.

निवृत्त_मास्तर_वर्धा

दोन प्रती कर. एक त्यांना दे, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. वर "तक्रार निवारण समितीसाठी" असं स्पष्ट लिही. कामकाजाचे पंधरा दिवस त्या तारखेपासून मोज.