अडचण फक्त इंग्रजीची नाही

अमेरिकेतल्या कोरियन बायका मानसोपचार घेत नाहीत कारण इंग्रजी येत नाही, असं म्हटलं जातं. खरं आहे, पण अपुरं. लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये कोरियन बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तरीही पन्नाशीची बाई छातीत दडपण, अंगाची आग अशी तक्रार घेऊन फॅमिली डॉक्टर नाहीतर पारंपरिक वैद्य गाठते. वर्षानुवर्षं गिळलेला राग असा अंगावर निघतो, तो ह्वाब्योंग. १९९४च्या डीएसएम-४ मध्येही, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन संदर्भग्रंथात, त्याची नोंद आहे. मन मोकळं करायचं तर चर्चच्या पाद्र्यापाशी, पण तिथे सगळेच ओळखीचे. बोभाटा झाला तर मुलीच्या लग्नाचं काय, ही धास्ती! शिवाय ड्रायक्लीनिंगचं दुकान नवरा-बायको दोघंच चालवत असतील तर भरदुपारी गल्ला सोडून जाणार कोण? आधी या पाद्र्यांना आणि फॅमिली डॉक्टरांनाच ही लक्षणं ओळखायला शिकवा, असं मला कळकळीने वाटतं.