विडाल पॉझिटिव्ह असताना ब्लड कल्चर कशाला?

सांगलीकर
मुलगी १३ वर्षांची. पाच दिवस ताप, संध्याकाळी १०३. सर्दी-खोकला नाही. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये विडाल केली, ‘ओ’ १:८० आलाय. लॅबवाला म्हणतो टायफॉइडच. डॉक्टरबाई मात्र म्हणतात, आधी कल्चरला रक्त द्या, मग गोळी. रिपोर्ट हातात असताना पुन्हा सुई कशाला?

नानाफडके
कमिशन, दुसरं काय! आमच्या घरी सगळे विडालवरच बरे झाले.

पेट्रीडिश
नाना, विडालवर कुणी बरं होत नाही, औषधाने होतं, किंवा मुळात टायफॉइड नसतोच.

मी मायक्रोबायोलॉजीत आहे, कल्चरच्या बाटल्या माझ्याच टेबलावर येतात. विडाल ही १८९६ सालची चाचणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. ‘ओ’ ही त्यातलीच एक अँटिबॉडी, आणि १:८० म्हणजे रक्तातलं पाणी (सीरम) ८० पट पातळ केलं तरी ती दिसली. आपल्याकडे ठणठणीत माणसातही १:८० सापडतो. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तरी येतो, मलेरियातही येऊ शकतो. उलट पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असून निगेटिव्ह! एकट्या १:८० वर मी तरी काहीच म्हणणार नाही.

कल्चरमध्ये प्रत्यक्ष जंतू वाढतो. पण मिलिलिटरभर रक्तात तो बऱ्याचदा एखादाच असतो, म्हणून रक्त भरपूर लागतं (मोठ्यांचं ८-१० मिली, मुलांचं वजनानुसार कमी) आणि तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. दोन गोळ्या खाऊन आलेल्या पेशंटची दोन मिलीची बाटली दिसली की माझं डोकं फिरतं. एवढं करूनही काही केसेस निसटतात, म्हणजे निगेटिव्ह आला तर टायफॉइड नाहीच, असंही नाही.

खरा फायदा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे वाढलेल्या जंतूवर कुठलं औषध चालतं ते कळण्याचा. आपल्याकडच्या बहुतेक टायफॉइड जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन आता नीट चालत नाही. सेफ्ट्रायाक्झोन, अझिथ्रोमायसिन चालतं. पण २०१६ मध्ये पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला सेफ्ट्रायाक्झोनलाही न जुमानणारी जात पसरली. तिथे तोंडाने घ्यायचं भरवशाचं औषध अझिथ्रोच उरलं. गंमत म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर कमी झाला आणि आता त्याच्यापुढे जंतू पुन्हा मान टाकतात.

सांगलीकर
ताई, कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी आला. बाईंनी रक्त घेतल्याबरोबर अझिथ्रो चालू केलं होतं, रिपोर्टमध्येही ते ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालणारं) आहे. आज तिसरा दिवस, ताप १०१. औषध बदलायला सांगू का?

पेट्रीडिश
नको. हा जंतू आपल्याच पेशींच्या आत लपून बसतो. बरोबर औषधावरही ताप जायला चार-सहा दिवस लागतात. १०३ चा १०१ झालाय ना? कोर्स मधेच सोडू नका. पोटात जोरात दुखलं, शौचातून रक्त गेलं किंवा पोरगी गुंगीत वाटली, तर मात्र फोन-बिन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

सांगलीकर
धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याला लस?

पेट्रीडिश
टायफॉइड कॉन्जुगेट लस विचारा. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना मोहीम काढून दिली होती तीच. एकच डोस, बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. आणि पाणी उकळूनच द्या.