प्रतिसाद: पिकलिंगच्या पाण्यातलं फ्लोराइड

पिकलिंगच्या, म्हणजे स्टेनलेस स्टील नायट्रिक-हायड्रोफ्लोरिक आम्लात साफ केल्यावरच्या, सांडपाण्यात कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून पीएच ९ वर नेला तरी फ्लोराइड उतरत नाही, अशी एकाची तक्रार आहे. उतरणार नाहीच, सोडियम फ्लोराइड विरघळलेलंच राहतं. चुनाच हवा, त्यातल्या कॅल्शियमशी फ्लोराइडचा न विरघळणारा साका (गाळ) होतो. १ किलो फ्लोराइडला हिशेबाने जवळपास २ किलो विरलेला चुना लागतो. आम्ल मारायला लागणारा चुना वेगळा, म्हणून थोडा जास्तच धरा.

पण आधी क्रोमियम सहा (क्रोमियमचं विषारी, विरघळणारं रूप) आहे का ते तपासा. असेल तर पीएच २ ते २.५ ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइट द्या, म्हणजे त्याचं क्रोमियम तीन होतं आणि ते चुन्याने खाली बसतं; पिवळटपणा जाऊन हिरवट झाक येईपर्यंत देत राहा. घाईने चुना टाकलात तर क्रोमियम सहा तसंच पुढे निघून जातं.

फ्लोराइडचा साका फार बारीक, दुधासारखा तरंगत राहतो. पॉलिइलेक्ट्रोलाइट (बारीक कण एकत्र बांधणारं रसायन) देऊन सावकाश ढवळा. नायट्रिक आम्लातून आलेलं नायट्रेट मात्र चुन्याने निघत नाही.